मावशी खुर्चीत बसल्या

विमानतळावर चाकाची खुर्ची ढकलणाऱ्या बाईला नाव असतं हे प्रवाशांच्या सहसा ध्यानात येत नाही. बावीस वर्षांत मावशींना त्यांचं नाव विचारणारे दोघेच भेटले, आणि त्यातला एक तक्रार लिहायला कागद घेऊन बसला होता. बाकी सगळ्यांच्या त्या खुर्चीवाल्या मावशी. साहेबांच्याही, झाडूवाल्यांच्याही, आणि काही वर्षांनी स्वतःच्या घरातल्यांच्याही.

मावशींचं काम फक्त ढकलण्याचं आहे असं ज्यांना वाटायचं त्यांनी सुट्ट्यांच्या दिवसांत त्यांना बघायला हवं होतं. शाळा बंद झाल्या की सगळ्या जगाला एकाच आठवड्यात कुठंतरी जायचं असतं. रांगा दारापर्यंत यायच्या. एखादे गृहस्थ पासपोर्ट हरवला म्हणून बायकोवर खेकसत असायचे आणि पासपोर्ट त्यांच्याच दुसऱ्या हातात असायचा. अशा गोंधळात मावशी खुर्ची घेऊन शांतपणे यायच्या. आधी ब्रेक लावायच्या, मग पायपट्ट्या खाली करायच्या, मग बसणाऱ्याला खुर्चीचे हात चाचपून बघू द्यायच्या. कागद कधी स्वतःकडे ठेवायच्या नाहीत. ज्याचे कागद त्याच्या हातात राहिले की माणूस निम्मा शांत होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि निघताना दरवेळी एकच वाक्य सांगायच्या, "पुढचं दार तेवढं बघायचं. त्याच्या पुढचं माझ्यावर सोडा."

नव्या लोकांना त्या हेच शिकवायच्या. घाबरलेल्या माणसाला सगळा रस्ता सांगू नका, तो जागीच बसेल. एका वेळी एकच दार सांगा. या एका वाक्यावर मावशींनी हजारो म्हातारी माणसं, मोडलेले पाय आणि एक रडणारा मल्ल विमानापर्यंत पोचवला होता.

स्वतः मात्र त्या कधी विमानात बसल्या नव्हत्या. विमानाच्या दारापर्यंत रोज जायच्या, आत डोकावायच्या आणि परत फिरायच्या. कुणी चिडवलं तर म्हणायच्या, मिठाईच्या दुकानातला माणूस मिठाई खातो का? खरी गोष्ट अशी होती की त्यांना भीती वाटायची. बावीस वर्षं घाबरलेल्यांचे हात हातात घेऊन ती भीती थोडी थोडी त्यांच्याकडेच जमा झाली होती म्हणा ना.

मग ऐन सुट्ट्यांत भाच्याचा फोन आला. मावशींच्या ताईला, म्हणजे त्याच्या आईला, चार महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. डावी बाजू गेली होती. जीव वाचला, बोलणंही बरंचसं परत आलं, पण ताई खुर्चीत बसायला तयार नव्हती. खुर्ची घरी आणून ठेवली होती, ती कोपऱ्यात पडून होती. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की आता बसवलं नाही तर पाठीत बसण्याचं बळ राहणार नाही, आणि मग त्या कायमच्या अंथरुणातच राहतील. सगळे समजावून थकले होते. भाचा म्हणाला, तू जन्मभर हेच काम केलंयस, आता तूच ये.

रस्त्याने दोन दिवस जायला आणि दोन यायला लागणार, आणि रजा मिळाली होती पाच दिवसांची, तीही साहेबांच्या नाकदुऱ्या काढून. विमानाशिवाय गत्यंतर नव्हतं. भाच्याने तिकीट काढून पाठवलं आणि मावशींच्या तोंडचं पाणी पळालं.

निघायच्या दिवशी त्या चार तास आधी पोचल्या. चांगले कपडे, खांद्याला एकच कापडी पिशवी, आणि गळ्यात ओळखपत्र. रजेच्या दिवशी ओळखपत्र कशाला, असं विचारू नका. ते गळ्यात नसलं तर त्यांना घराबाहेर पडल्यासारखंच वाटायचं नाही.

तिकीट दाखवून त्यांनी पास घेतला आणि समोर बघितलं तर खुर्च्यांच्या जागेपाशी झुंबड उडालेली. ढकलणारी माणसं कमी, खुर्च्या रिकाम्या, आणि एक आजोबा हातातला कागद चुरगळत उभे. त्यांचं विमान मावशींचंच. मावशींनी इकडेतिकडे बघितलं, पिशवी खुर्चीच्या पाठीला अडकवली, ब्रेक लावला, पायपट्ट्या खाली केल्या. रजेवर आहोत हे त्या पार विसरल्या. खरं सांगायचं तर खुर्चीच्या दांड्या हातात आल्यावर त्यांची स्वतःची धडधड थांबली, म्हणून त्यांनी विसरून घेतलं.

बाजूच्या रांगेतून आजोबांची तपासणी झाली, त्यांच्या पासावर शिक्का बसला. मावशींनी सवयीने गळ्यातलं ओळखपत्र दाखवलं. पहारेकऱ्याने सवयीने मान हलवली. पिशवी यंत्रातून गेली, मावशी कर्मचाऱ्यांच्या वाटेने गेल्या, आणि दोघं गप्पा मारत विमानाच्या फाटकापाशी जाऊन बसले.

फाटक उघडलं तेव्हा आजोबा पुढे गेले. मावशींनी पास पुढे केला तर यंत्रावर लाल दिवा लागला. फाटकावरच्या मुलीने पास उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, यावर तपासणीचा शिक्काच नाही. तुम्ही प्रवासी म्हणून आत आलेल्याच नाही, मावशी. परत जाऊन यावं लागेल. अर्धा तास आहे.

मावशी मागे फिरल्या. तपासणीची रांग वळसे घेत जिन्यापर्यंत गेली होती. त्या रांगेच्या शेपटाशी उभ्या राहिल्या आणि त्यांना एकदम सगळा रस्ता दिसला. ही रांग, तो लांब बोळ, फाटक, विमान, तीन तास हवेत, आणि त्याच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून पडलेली ताई. विमान चुकलं तर पुढचे चार दिवस एकही जागा नव्हती. त्या चक्क जागीच खाली बसल्या.

तपासणीवरच्या लोकांनी लंबूला बोलावलं. लंबू हा पंधरा वर्षं त्यांच्याबरोबर खुर्च्या ढकलणारा सहा फुटी माणूस. त्याने ब्रेक लावला, पायपट्ट्या खाली केल्या आणि मावशींना खुर्चीत बसवलं.

बसल्याबरोबर मावशींना जग निराळं दिसलं. सगळी माणसं उंच झाली. लोकांचे चेहरे गेले, नुसते पट्टे आणि पिशव्या उरल्या. खुर्ची हलली तेव्हा आपण कुणाच्या हातात आहोत ते कळेना, कारण तो हात पाठीमागे होता. मागून लंबूचा आवाज आला, "मावशी, पुढचं दार तेवढं बघायचं."

मावशींना संताप आला. "हे मी सांगते तेव्हाही असंच वाटतं का रे? मेल्या, आधी मला दिसेल असा उभा राहा."

लंबू गडबडला. मग तो बाजूला आला आणि एका हाताने खुर्ची ढकलत त्यांच्या शेजारून चालू लागला. खुर्ची वाकडी जात होती. एका खांबाला आणि एका बड्या साहेबांच्या बॅगेला धक्का लागला. पण मावशींना लंबूचा चेहरा दिसत होता, आणि तो त्यांच्याएवढाच घाबरलेला होता. ते पाहून त्यांना हसू आलं. बाजूच्या रांगेतून शिक्का बसला, आणि फाटक बंद व्हायला सहा मिनिटं असताना त्या विमानाच्या दारात पोचल्या. या दारातून त्या नेहमी परत फिरायच्या. आज खुर्चीतून उठल्यावरही पाय आपसूक मागे वळायला लागले, तेव्हा लंबूने खुर्ची काढून घेतली आणि वाट अडवून उभा राहिला.

आत दोन रांगा पुढे आजोबा बसले होते. त्यांनी मागे वळून विचारलं, आता पुढचं दार कुठलं? तीन तास दारच नव्हतं. "आता फक्त बसायचं," त्या म्हणाल्या, आणि बसल्या. विमान उडताना त्यांनी डोळे मिटले आणि शेजारच्या अनोळखी बाईंचा हात घट्ट धरला. त्या बाईंनी तो सोडवून घेतला नाही, त्याबद्दल मावशी अजून त्यांना दुवा देतात.

ताईच्या खोलीत पोचल्या तेव्हा दुपार होती. खुर्ची कोपऱ्यात होती, वरचं प्लास्टिकही पुरतं काढलेलं नव्हतं, आणि तिच्यावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या रचल्या होत्या. ताईने बहिणीकडे बघितलं आणि मान भिंतीकडे फिरवली. "तूही तेच सांगायला आली असशील," ती जड जिभेने म्हणाली. "काही होत नाही म्हणून."

येताना मावशींच्या मनात बावीस वर्षांचं सगळं पाठ होतं. ते त्यांनी बाजूला सारलं. घड्या उचलून टेबलावर ठेवल्या, प्लास्टिक फाडलं, खुर्ची पलंगापाशी आणली, ब्रेक लावला आणि स्वतःच तिच्यात बसल्या.

"वाईट वाटतं, ताई," त्या म्हणाल्या. "मी सकाळी बसले होते. सगळी माणसं उंच होतात आणि ढकलणारा दिसत नाही. मी इतकी वर्षं लोकांना सांगत होते, काही होत नाही. होतं गं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. शिक्का, रांग, खाली बसणं, लंबू, खांब, साहेबांची बॅग. बॅगेपाशी आल्यावर ताईच्या तोंडाचा उजवा कोपरा हलला. भाचा दारात येऊन उभा होता, तो श्वास रोखून बघत राहिला. मावशी बोलायच्या थांबल्या तरी खुर्चीतून उठल्या नाहीत. खुर्चीच्या हातांवर हात ठेवून ऐसपैस बसून राहिल्या, लहानपणी ताईची खिडकीजवळची जागा बळकावून बसायच्या तशा.

ताईने मान पुरती त्यांच्याकडे वळवली. मग तिने उजवा हात पुढे केला.

"ऊठ," ती म्हणाली. "माझी आहे ती."

मावशी उठल्या. ब्रेक लागलाय ना ते त्यांनी पुन्हा बघितलं, पायपट्ट्या खाली केल्या, भाच्याला दुसऱ्या बाजूने धरायला सांगितलं. ताई बसली. तिची मान थरथरत होती, आणि उजवा हात खुर्चीचा हात चाचपत होता. भाचा ढकलायला म्हणून मागे जायला लागला. मावशींनी त्याला थांबवलं आणि त्या ताईच्या शेजारी, तिला दिसतील अशा उभ्या राहिल्या.