शाळा सोडून गेलेली मुलं : ॲन आर्बरहून क्लीव्हलंड

क्लीव्हलंडला कुणी हौसेने जातं का, असं तेव्हा ॲन आर्बरमध्ये लोक विचारायचे. मीही हौसेने गेले नव्हते. ऐंशीच्या दशकाच्या मधली गोष्ट. नागपूरहून अमेरिकेत, ॲन आर्बरच्या विद्यापीठात शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करायला येऊन मला फार काळ झाला नव्हता, आणि आमच्या प्रोफेसरबाईंकडे क्लीव्हलंडच्या एका प्राथमिक शाळेचं काम आलं होतं. शाळा गरीब वस्तीतली. तिथे शाळेनेच एक बाई नेमली होती. ती मुलांच्या घरी जायची, आईबापांना डॉक्टर, नोकरीचं प्रशिक्षण, थंडीचे कपडे असं काय काय मिळवून द्यायची. घर सावरलं की मूल शिकतं, ही त्यामागची कल्पना. ते खरंच घडतंय का, हे आम्ही सांगायचं होतं. उपक्रम पुढे चालणार की बंद पडणार, हे बरंचसं त्यावरच ठरणार होतं.

माझ्यासोबत मिलिंद होता. पुण्याचा, स्टॅटिस्टिक्सचा विद्यार्थी, आणि आमच्यात एकटा गाडीवाला. गाडी शेवरोले, तिचा मागचा एक दरवाजा उघडायचाच नाही.

रस्ता सोपा आहे. तेवीस नंबरच्या हायवेने दक्षिणेला टोलेडो, तिथून ओहायोचा टोलरोड पकडून सरळ पूर्वेला. टोलरोडवर शिरताना मिळालेलं तिकीट जपून ठेवा, उतरताना ते दाखवावं लागतं. पेट्रोल गॅलनला डॉलरच्या आसपास होतं. ऑक्टोबरात गेलात तर झाडांसाठी वेगळी ट्रिप काढायला नको, लाल-पिवळी झाडं दोन्ही बाजूंना वाटभर असतात. मी तिखटमिठाच्या पुऱ्या करून घेतल्या होत्या. टोलेडो यायच्या आत मिलिंदने त्या संपवल्या.

"डेटा क्लिअर आहे यार," तो खात खात म्हणाला. "ह्या शाळेतली मुलं आणि शेजारच्या शाळेतली मुलं, रीडिंगचे मार्क सेम. प्रोग्रॅम चालत नाही. आपण फक्त कन्फर्म करायला चाललोय."

मला ते पटलंही आणि नाहीही. लहानपणी आमच्या वस्तीत शाळेतल्या बाई घरी आल्या, की आई आधी गोधड्यांचा ढीग पडद्याआड सारायची. त्या गेल्यावर दिवसभर चिडलेली असायची. पण दुसऱ्या दिवशी मला शाळेत पाठवायचीच. हे मार्कांच्या कुठल्या रकान्यात बसवायचं?

शाळा लाल विटांची होती. घरी जाणाऱ्या बाईंना सगळे मिसेस हॉल म्हणायचे. पन्नाशीच्या, कृष्णवर्णीय, चालणं भरभर. शाळेतली एक खोली त्यांनी पालकांसाठी ठेवली होती. कोपऱ्यात कॉफीचं भांडं, भिंतीला एक जुना सोफा, आणि दोन आया टाइपरायटरवर सराव करत बसलेल्या.

मी विचारलं, "तुमची बरीच मुलं मधेच शाळा सोडून गेलेली दिसतात. कुठे गेली?"

"काही बेघर होऊन गेली," मिसेस हॉल म्हणाल्या. "काहींच्या आईला नोकरी लागली, म्हणून गेली. नोकरी लागली की इथे कोण राहील? मीसुद्धा राहिले नसते."

मिलिंदचं पेन थांबलं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "म्हणजे ज्यांचं भलं झालं, ते आपल्या सॅम्पलमध्येच नाहीत?"

"आणि ज्यांचं वाटोळं झालं, तेही नाहीत."

"मग आपण मोजतोय कुणाला?"



मुक्काम मिलिंदच्या आईच्या मैत्रिणीकडे, वैद्यकाकूंकडे होता. शहराबाहेर रांगेने सारखीच टुमदार घरं होती, त्यातलं एक. काकूंनी गरम वरणभात, बटाट्याची भाजी, घरच्या तुपाची वाटी असं पुढ्यात ठेवलं. परदेशात आल्यापासून मी असं जेवले नव्हते. त्यांची शाळकरी मुलगी शीतल "आय'म नॉट हंग्री, मॉम" म्हणत टीव्हीसमोर बसली होती.

आम्ही कशासाठी आलोय ते ऐकून काकू म्हणाल्या, "अगं, तसले लोक आता इकडेही राहायला यायला लागलेत. मागच्या गल्लीतल्या दोघांनी घरं विकायला काढलीसुद्धा."

"तसले म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे... तुला कळतंय गं." त्यांनी माझ्या भातावर तूप वाढलं. "तुझं आडनाव काय म्हणालीस?"

"मेश्राम."

काकू क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "घे ना, लाजू नकोस," आणि आणखी तूप घातलं. त्या थांबण्याचा अर्थ काय आणि त्या तुपाचा काय, ते मला आजही नीट लावता आलेला नाही. मिलिंद मान खाली घालून जेवत राहिला.

दुसऱ्या दिवशी मिसेस हॉलनी आमची शाळा सोडून गेलेल्या एका कुटुंबाशी गाठ घालून दिली. आईचं नाव डेनिस, मुलगी टाशा, तिसरीतली. पत्ता शोधत गेलो, तर तो काकूंच्या मागच्या गल्लीतलाच निघाला.

डेनिस शाळेतच टायपिंग शिकली होती आणि आता एका दवाखान्यात कारकून होती. घर लहान, स्वच्छ, भाड्याचं. मी मनात म्हटलं, हे यश. मग मी टाशाला विचारलं, "नवी शाळा कशी आहे?" तिने नुसतं आईकडे पाहिलं.

"तिकडे वर्गात उभी राहून मोठ्याने वाचायची," डेनिस म्हणाली. "इथे तोंडच उघडत नाही. वर्गात तिच्या रंगाची ती एकटीच. परवा विचारत होती, परत कधी जायचं?"

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"तिकडे मिसेस हॉल सारख्या दार ठोठावायच्या. मला राग यायचा. वाटायचं, मी आई नाही का? इथे कुणीच दार ठोठावत नाही. आता त्याचाही राग येतो." मग माझ्याकडे रोखून पाहत तिने विचारलं, "तुम्ही मदतीला आलात, की नुसतं बघायला?"

"बघायला," मी म्हटलं. खोटं बोलायचं धैर्य झालं नाही. निघताना माझा फोन नंबर मात्र तिला देऊन आले. तो कशासाठी दिला, हे तेव्हाही सांगता आलं नसतं.

परतताना आम्ही टोलरोड सोडून ईरी सरोवराच्या काठाकाठाने आलो. वेळ असेल तर हाच रस्ता घ्या. वारा बोचरा, पाणी करडं, काठावरच्या टपरीत मिळणारा तळलेला मासा मात्र झकास. मासे खाता खाता आम्ही भांडलो. मिलिंद म्हणत होता, जे मोजता येत नाही ते लिहू नये. मी म्हणत होते, मग जे लिहू ते खोटं होईल. भांडण मिटलं नाही. काकूंनी डब्यात बांधून दिलेल्या बेसनाच्या वड्या तरी दोघांनी मिळून संपवल्या.

प्रोफेसरबाईंना एका वाक्यात उत्तर हवं होतं : उपक्रम चालतो की नाही? शेवटी मिलिंदचे तक्ते पुढे गेले आणि सोडून गेलेल्या मुलांबद्दलचं माझं टिपण मागे जोडलं गेलं. अहवालाचा निष्कर्ष : 'ठोस परिणाम आढळला नाही.' पालकांची खोली टिकली, घरभेटी बंद झाल्या. मिसेस हॉल दुसऱ्या शाळेत शिकवायला गेल्याचं कळलं. माझं टिपण कुणी वाचलं का, ते कधीच कळलं नाही.

वसंतात एका रविवारी डेनिसचा फोन आला. घरमालकाने घर विकायला काढलं, म्हणून ती जुन्या वस्तीत परतली होती. टाशा पुन्हा त्याच शाळेत जात होती.

"नोकरी?" मी घाबरत विचारलं.

"आहे. दोन बसेस बदलून जाते." ती पुढे म्हणाली, "मग तुमच्या हिशोबात आता आम्ही पास की नापास?"

मी विचारलं, "टाशा कशी आहे?"

डेनिसने रिसीव्हर नुसता बाजूला धरला. पलीकडे टाशा कुणाला तरी गोष्ट वाचून दाखवत होती. अडखळत, मधलेच शब्द गाळत, पण मोठ्याने. तिचं पान संपेपर्यंत मी फोन कानाला लावून उभी होते.