ज्याच्या हातचं तेल

खांडे नवमीला आमच्या घरी पोट भरणारी प्रत्येक वस्तू धुऊन, पुसून, तेल लावून देवापुढे मांडतात. विळे, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, माझी शिलाई मशीन, आणि सगळ्यांच्या मधोमध, नवरदेवाच्या थाटात, नवऱ्याची बेस गिटार. सासऱ्यांच्या वेळचा एक नेम अजून चालतो: ज्याचं हत्यार, त्यानंच त्याला तेल लावायचं. सासूचा विळा माझ्याकडे आला त्या नवमीला तिनं तेलाची वाटी माझ्या हातात दिली, एवढंच. दुसरा काही समारंभ झाला नाही. तेव्हापासून विळा माझा.

गिटारला मात्र मी हात लावायचा नाही. नवरा यवतमाळच्या एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचा. दुर्गोत्सवात दिवसरात्र बाहेर, पण नवमीच्या सकाळी घरी यायचा, तारा उतरवायचा आणि गिटारच्या दांड्यावरचं ते लांबट काळं लाकूड साफ करायचा. फ्रेटबोर्ड म्हणायचा त्याला. मग जवसाचं तेल. मी वाटी धरून उभी. थेंब सांडू नको, सावली पाडू नको. काही विचारलं की एकच उत्तर, "तुले काय समजते?" लग्न झाल्यापासून स्वतःच्या नावापेक्षा हे मी जास्त ऐकलंय. एकदा तेल सांडलं तर वाटीच फेकून मारली. भुवईवर खूण आहे, बघणारे विचारतात, मी सांगते चौकट लागली.

यंदा उन्हाळ्यात त्याला लकवा झाला. डावी बाजू गेली. डावा हात म्हणजे तारा दाबायचा. बोलणं लवकर परत आलं, आणि पहिलं धड वाक्य कोणतं असावं? "तुले काय समजते." सुंभ जळला तरी पीळ जात नाही. दवाखान्यात सांगितलं, हाताला संवेदना राहिली नाही, पण रोज तेल लावून चोळा, येईल कदाचित. मी रोज संध्याकाळी चोळते. तो रोज विचारतो, "बोटं हलले का वं जरा?" मी म्हणते, नाही. हलतच नव्हती, तर खोटं कशाला बोलायचं?

नवमीच्या सकाळी ऑर्केस्ट्राच्या मालकाचा फोन आला. नव्या बेसवाल्याची गिटार ऐन वेळी बिघडली, आज तुमची द्या म्हणाला. नवरा फोनवर मोठ्यानं हसला. "घेऊन जा नं. पण जागा माहीच आहे. दिवाळीनंतर मीच उभा राह्यतो." फोन ठेवला आणि चेहरा बदलला. "आयत्या बिळावर नागोबा येऊन राह्यला. काढ ती गिटार. तू फक्त घास. तेल मी लावतो."

उजवा हात त्याचा चालतो. त्यानं तेल लावलं की गिटार आणखी वर्षभर त्याची, मग वाजवो कोणीही. त्याचा सगळा जीव त्या वाटीत अडकला होता. मला ते स्पष्ट दिसत होतं.

मी सवयीनं पाण्याची बादली आणली. नवमीला सगळं धुतातच. "पाणी कायले आणलं? ते काय दुधाचा गंज आहे घासाचा?" तो ओरडला. मग मी तारा उतरवल्या आणि कोरड्या कापडानं, जुन्या टूथब्रशनं घासायला बसले. फ्रेटच्या धातूच्या पट्ट्यांना लागून घामाचा काळा थर बसला होता, नखानं उचकटावा लागत होता. दोन पट्ट्यांमधलं एक घर, अशी पहिली पाच घरं तशी. पुढे ब्रश कोराच निघू लागला. मला वाटलं, नजर चुकली. दारात उजेडाला जाऊन पाहिलं. पुढचं सगळं लाकूड दुकानातून आणल्यासारखं होतं, नुसती धूळ.

पाहुण्यारावळ्यांसमोर हा माणूस सांगायचा, पूर्ण बोर्डावर माही बोटं पळतात, साऱ्या विदर्भात असा हात नाही. मला इतका आनंद मुलगी झाली तेव्हाही झाला नव्हता.

दुपारी मालक आला. सोबत नवा बेसवाला, दिवसा जिनिंगमध्ये काम करणारा, मिशीला कापूस चिकटलेला. मी चहा दिला. नवरा सुरू झालाच. "हे बोर्ड मी वरपासून खालपर्यंत घासलं आहे, भाऊ. जपून वाजवजो."

"नाही जी," मी म्हटलं. "मळ तर पाचच घरात होता. त्याच्या पुढे बोटं गेलेच नाही तुमचे कधी."

मालकानं कपात पाहिलं. नव्या बेसवाल्यानं हसू दाबायला तोंडाला रुमाल लावला.

"तुले काय..." नवरा उसळला. त्यानं उजवा हात पुढे केला. "आण ती वाटी."

मी वाटी उचलली, त्याच्या हातासमोरून नेली आणि नव्याच्या हातात दिली. "तुम्हीच लावा भाऊ. आमच्या घरी ज्याले वाजवायचं असते, तोच तेल लावते."

मालकाला यात काही वावगं वाटलं नाही. नवऱ्याचा हात तसाच हवेत राहिला. नव्या बेसवाल्यानं कापडावर थोडं तेल घेऊन लाकडाला शेवटच्या घरापर्यंत लावलं, जास्तीचं पुसून काढलं, तारा चढवल्या आणि वाजवून पाहिलं. त्याची बोटं सरळ त्या कोऱ्या लाकडावर गेली आणि तिथं रमली. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण छान वाजत होतं. मग गिटार पाठीला लावून दोघं मोटरसायकलवर निघून गेले.

पूजा झाली. मधली जागा रिकामीच ठेवली मी, मुद्दाम.

संध्याकाळी उरलेल्या तेलाची वाटी घेऊन त्याच्याजवळ बसले. एरवी तो उजव्या हातानं डावा उचलून माझ्या मांडीवर ठेवतो. आज छातीशी धरून बसला होता.

"आज राहू दे वं," तो म्हणाला. इतक्या हळू आवाजात तो माझ्याशी कधी बोलला नव्हता.

"काहून?"

त्यानं तोंड भिंतीकडे केलं. मी हात ओढून मांडीवर घेतला आणि एकेका बोटाला तेल लावलं. तारांचे घट्टे कधीच गेले होते, टोकं मऊ पडली होती. चोळता चोळता मधलं बोट हललं. मी थांबले. ते पुन्हा हललं, आपलं आपण.

त्यानं आज विचारलं नाही. मी जास्तीचं तेल पुसून काढलं आणि हात त्याच्या पांघरुणाखाली ठेवून दिला.