हळू धरायचा की घट्ट

चिन्मयचा फोन आला तेव्हा मी इथे ग्वाल्हेरच्या थाटीपुरात भाजीवाल्याशी तोंडल्यांवरून हुज्जत घालत होते. "आत्या, पापा नहीं रहे," एवढंच बोलला माझा भाचा आणि त्याला पुढे बोलवेना. अशा वेळी माणसाच्या डोक्यात काय यावं? माझ्या डोक्यात आलं, चला, आता दादाचा हात दुखत नसेल. मग स्वतःचाच असा राग आला म्हणून सांगू! महिना होऊन गेला, अजून तो हात काही डोक्यातून जात नाही.

दादाचं जयेंद्रगंजात फोटो मढवायचं दुकान होतं. देव, लग्नं, बारशी, गेलेली माणसं, सगळ्यांना तो काचेमागे बसवायचा. एकदा कापताना काच तडकली आणि उजव्या मनगटात घुसली. ऑपरेशन झालं, तुटलेली नस जोडली. आधी अंगठा आणि शेजारची बोटं बधिरच होती. काही महिन्यांनी त्यांना जाग आली, पण कसली जाग! अंगठ्याला हात लावला तर मधल्या बोटाला कळायचं. पंख्याचा वारा लागला तरी हा कळवळायचा, आणि तोच हात दुसऱ्या हाताने करकचून दाबला की "हां, आता बरं वाटतं" म्हणायचा. नातेवाईक म्हणायला लागले, नाटक करतोय. मी त्यांच्याशी भांडायचे, पण मला तरी कुठे काही कळत होतं?

डॉक्टरांनी समजावलं. नस पुन्हा वाढते तेव्हा तिचे सगळे धागे आपापल्या जुन्या जागी पोचतातच असं नाही. शिवाय जखमी नस उगाचच निरोप पाठवत राहते, आणि पाठीच्या कण्यात हे निरोप जिथे पोचतात ती जागा इतकी हळवी होऊन बसते की साध्या स्पर्शाचा निरोपसुद्धा तिथून वेदना होऊन मेंदूकडे जातो. "दर्द असली है, नाटक नहीं," ते म्हणाले. दाबलेलं सगळ्यांना सोसतं असं नाही, यांना सोसतं, हेही सांगितलं. मी मान डोलावली. कळलं म्हणाल तर कळलं, नाही म्हणाल तर नाही.

आमच्याकडे मान भाऊबीजेचा, पण ग्वाल्हेरात पिढ्या काढल्यावर राखीही आलीच. त्या वर्षी मी मुद्दाम मऊ रेशमाची आणली, आणि दुखू नये म्हणून अगदी सैल बांधली. डाव्या हाताला बांधते म्हटलं, तर दादा ऐकेना. राखी उजव्यालाच! दोरा मनगटावर इकडून तिकडे सरकत होता आणि हा घामाघूम होऊन हसत होता. "श्रीखंड छान झालंय गं शुभे..." शेवटी चिन्मय ओरडला, "आत्या, ढीली मत रखो ना! पापांना हलका स्पर्शच जास्त दुखतो, कसके बांधो!"

"असू दे रे, प्रेमाने बांधलीय तिने," दादा म्हणाला.

"प्रेम गेलं चुलीत," म्हणत मी करकचून गाठ मारली. त्याचा चेहरा एकदम निवला. तेव्हापासून आमच्या घरात ठरून गेलं, दादाचा हात धरायचा तर घट्ट धरायचा.

या हिवाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला. भेटायला गेले तेव्हा तोंडावर मास्क, बोलणं बंद, उशाशी वहिनी. डाव्या हाताला सलाईन होतं म्हणून उजवा धरला, आमच्या रिवाजाप्रमाणे घट्ट. बराच वेळ धरून बसले. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, ओळखलं मला. मीही रडून घेतलं आणि जरा हलक्या मनाने घरी आले. दुसऱ्या दिवशी चिन्मयचा तो फोन.

तेराव्यानंतर वहिनी त्याचं कपाट आवरत होती. सगळ्या शर्टांची उजवी बाही कोपराच्या वर कापलेली, कापड हाताला लागू नये म्हणून. "हे कोणाला देऊ गं शुभा? कोण घालेल?" असं म्हणता म्हणता ती सहज बोलून गेली, "शेवटी शेवटी तर यांना दाबलेलंही सहन होत नव्हतं. मीसुद्धा हात लावत नव्हते."

"अगं, मग मला सांगितलं का नाहीस? मी तर पिळून धरला होता!"

"सांगणार होते," वहिनी म्हणाली. "पण सकाळीच यांनी नर्सचा हात झटकून दिला होता. तुझा नाही झटकला. म्हटलं, राहू दे."

आता मी काय समजायचं? त्या दिवशी दुखत नव्हतं म्हणून झटकला नाही, की जीव जात असतानाही माझ्यासाठी सोसलं? ते पाणी मला ओळखून आलं की कळ येऊन? डॉक्टरांना विचारलं, तेही म्हणाले, सांगता यायचं नाही. सकाळी एक उत्तर पटतं, संध्याकाळी दुसरं. दादाच्या त्या शर्टांतला एक मी घरी आणलाय, खुंटीला अडकवून ठेवलाय. येता-जाता त्या कापलेल्या बाहीपाशी थांबते, हात लावू की नको ते ठरत नाही, आणि वेड्यासारखी विचारते... दादा, खरं सांग, दुखलं का रे?