दिवा वाढव

सोमवारी मला पुण्यात नोकरीवर हजर व्हायचं होतं, आणि आत्याच्या खोलीतले दिवे तिच्या हुकमावर लागल्या-विझल्याशिवाय मी रत्नागिरी सोडणार नव्हते. मला लहानाचं मोठं तिनेच केलं. खुब्याच्या ऑपरेशननंतर पलंगावरून उठून दाराजवळच्या बटणापर्यंत जाणं तिला जड जातं. शेजारच्या काकू जेवण आणून देणार होत्या, पण रात्री ती एकटीच. अंधारात पडली तर?

म्हणून पत्त्यांच्या कॅटाएवढा एक छोटा संगणक आणला. त्याला माइक लावला आणि त्याच्या पिनांपासून रिलेपर्यंत तारा नेल्या. रिले म्हणजे पिनेवरच्या इवल्याशा विजेने दाबलं जाणारं बटण. मेनची जोडणी वायरमनने करून दिली. या रिलेचा स्वभाव उलटा: पिनेवर शून्य दिलं की दिवा लागतो, एक दिला की विझतो. कोणी ठरवलं असेल हे, देव जाणे.

“दिव्याला तू काय काय म्हणशील?” मी आत्याला आधीच विचारलं होतं.

“लाव म्हणेन, वाढव म्हणेन. आणखी काय म्हणायचं दिव्याला?”

‘लाव’वर मी बारका दिवा ठेवला, ‘वाढव’वर मोठी ट्यूब. ‘बंद कर’ माझं मीच घातलं. ते काय विचारायचं?

पहिल्याच संध्याकाळी आतून हाक आली, “काय गो, हे तुझं यंत्र उलटंच करतंय!”

उलटं म्हटल्यावर मी रिलेच्या मागे लागले. शून्याचे एक केले, एकाची शून्यं केली, परत होतं तसं केलं. तारा उपटून पुन्हा खोचल्या. मीटर लावून पिना तपासल्या. सगळं बरोबर. माझं तर ते निमूट ऐकायचं.

“माझ्यासमोर बोलून दाखव,” मी म्हटलं.

“तुझ्यासमोर नाही बोलायची मी डबीशी. लाज वाटते.”

“मग निदान नीट बोलत जा.”

“नीट म्हणजे? इंग्रजीत?”

माझ्या इंग्रजी शाळेचा टोमणा आमच्या घरी कायम तयार असतो.

शनिवारी सकाळी मी पुन्हा तारा उघडून बसले, तेव्हा आत्याला कारण सापडलं. “नवी वस्तू घरात आणलीस, तिच्यापुढे नारळ वाढवलास?”

“आत्या, ते विजेवर चालतं. नारळावर नाही.”

“आधी नारळ वाढव!”

आणि भर दिवसा ट्यूब लागली. आम्ही दोघींनी वर पाहिलं.

“बघ. नारळ म्हटलं तर दिवे लावतंय.”

नारळ वाढवणं म्हणजे फोडणं, एवढं मला येतं. ‘फोडला’ म्हटलं की लहानपणी ओरडा बसायचा, कारण अशुभ बोलायचं नाही. मी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

“आत्या, दिवा वाढव म्हणजे काय?”

“म्हणजे झोपायचंय मला!”

“मग बंद कर म्हण ना!”

“तिन्हीसांजेला लावलेला दिवा, त्याला बंद कर म्हणू?”

इतके दिवस मी बिचाऱ्या रिलेला उलटा म्हणत होते. प्रोग्राममधली एक ओळ बदलली. नारळही वाढवला, बाहेरच्या पायरीवर, माइकपासून लांब.

रविवारी रात्री मी बॅग घेऊन तिच्या दारात उभी राहिले. बारका दिवा लागलेला होता. माझ्यासमोर, जराशी लाजत, ती म्हणाली, “दिवा वाढव.” अंधार झाला. “दिवा लाव.” उजेड. पलंगावरून पायसुद्धा खाली न टाकता.

मग माझ्याकडे बघून म्हणाली, “ये आता.”

मी बॅग ठेवून तिच्याजवळ गेले.

“इकडे काय येतेस, गाडी चुकेल ना!”