फुटक्या खड्याचं स्थळ

शैला गेल्याचा फोन अकोल्याहून आला, तेव्हा अमरावतीच्या आमच्या वधू-वर सूचक मंडळात साखर वाटणं चाललं होतं. कुणाचं जमलं की समोर असेल त्याच्या हातावर चिमूटभर साखर, ही तिनेच पाडलेली पद्धत. माझ्या तोंडातली साखर तोंडातच राहिली...

शैला तेल्हाऱ्याची. शिकली भूगर्भशास्त्र आणि बसली माझ्यासोबत स्थळं जुळवत. मग तिला संगणकावर करायचं एक काम मिळालं. यानाने लघुग्रहावरून आणलेले खडे परदेशातल्या प्रयोगशाळेत बंद पेटीत असतात. तिकडून फोटो यायचे आणि शैला प्रत्येक खड्याचा रंग, आकार, माप ऑनलाइन सूचीत भरायची. जगभरचे संशोधक ती सूची पाहून हवा तो खडा मागतात. "म्हंजे आपलंच काम हाये वं हे! फोटो, माहिती, अन् मंग स्थळाची वाट पाहाची," ती म्हणाली. मंडळाची कामं उरकली की त्याच टेबलावर ती खडे उजवायला बसायची.

सवय कुठे सुटते! आमच्या मंडळात काळी मुलगी कधी नोंदलीच जायची नाही, सगळ्या गव्हाळ. पहिल्याच खेपेला शैलाबाईंनी कोळशासारख्या काळ्या खड्यापुढे 'गव्हाळ' असं इंग्रजीत ठोकून दिलं. तिकडच्या साहेबांनी विचारलं, बाई, तुम्हाला भलताच फोटो तर नाही ना गेला? हसून हसून आमची पुरेवाट झाली. "अवं, तिथं काळ्यालेच मागणी हाये," ती डोळे पुसत म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या मंडळातूनही गव्हाळ हद्दपार केलं. काही मुलींच्या आया भांडायला आल्या, त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

एक खडा मात्र कुणी मागेना. तिळाएवढा, एका बाजूने फुटलेला. त्याच्यापुढे कायम 'उपलब्ध'. शैलाला एकच मुलगा, म्हणून ती या खड्याला लेक म्हणायची. आजार वाढल्यावर ती मुलाकडे अकोल्याला गेली, पण फोनवर पहिला प्रश्न तोच असायचा, "आलं का वं कोणी माह्या पोरीले पाहाले?"

"फुटलेली हाये हे पयल्याच ओळीत काहून लिवलं?" मी एकदा चिडून म्हटलं.

"फुटली म्हणून तं आतलं दिसून राहिलं. ज्याले पायजे तो येईन. माह्या डोळ्यांदेखत यायले पायजे, बस." आणि खळखळून हसली. मला रडू फुटलं होतं, ते मी तिला कळू दिलं नाही.

ती गेल्यापासून रोज सकाळी मंडळ उघडलं की मी आधी ते पान उघडते. आलेल्या आया ताटकळतात, ताटकळोत. परवा 'उपलब्ध' जाऊन तिथे 'संशोधनासाठी दिला' असं आलं होतं. खाली मागणाऱ्याने कारणही दिलं होतं : फुटलेल्या बाजूचा अभ्यास. मी ओरडलेच. शैलाच्या टेबलावरचा साखरेचा डबा उघडला आणि समोर बसलेल्या अनोळखी बाईंच्या हातावर चिमूट ठेवली.

"कोनाचं जमलं वो?" त्यांनी विचारलं.

"आमच्या शैलाच्या लेकीचं," मी म्हटलं.