जिनिंगमागच्या सकाळी

काही वर्षांपूर्वी यवतमाळला, कचेरीने भरवलेल्या दोन दिवसांच्या शिबिरात मी चीगोंग शिकलो. चीनमधला जुना व्यायाम. श्वास पोटापर्यंत ओढायचा आणि हात इतके हळू हलवायचे की बघणाऱ्याला कंटाळा यावा. मनावरचा ताण उतरतो म्हणतात. माझा उतरला, हे खरं.

दिग्रसला परतल्यावर बाबांना शिकवायला घेतलं. त्यांची सगळी उमर जिनिंग कारखान्यात, कापसातली सरकी काढणाऱ्या रेच्यावर गेली होती. काम सुटलं तरी खोकला राहिला होता. डॉक्टरांचं एकच सांगणं, उडत्या रुईपासून लांब राहा.

"चिनी लोकाइले कामाची घाई नसते काय?" पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं. "इतक्या वेळात मी दोन बोजे खाली केले असते."

पण त्यांना ते आवडलं. हात वर नेण्याला त्यांनी 'गठाण उचलणं' म्हटलं, बाजूला ढकलण्याला 'म्हैस सरकवणं'. मीही तीच नावं घेऊ लागलो. आम्ही बापलेक कधी फार बोललो नव्हतो. त्या अर्ध्या तासातही बोलत नव्हतो, पण श्वास सोबत घ्यायचो. त्यांचा लांबला की माझाही लांबायचा. आयुष्यात त्यांच्या इतक्या जवळ मी दुसऱ्या कुठल्याच वेळी नव्हतो.

सुरुवातीला आम्ही वस्तीतल्या बुद्धविहाराच्या अंगणात करायचो. तिथं बसणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी एकानं हाक दिली, "काहून साहेब, माशा पकडून राह्यले काय?" बाबा हसले. मला मात्र ते लागलं. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना जिनिंगच्या मागच्या पटांगणात नेलं. उन्हाळ्यात जिनिंग बंद होती, बघणारं कोणी नव्हतं.

दिवाळीनंतर रेचे सुरू झाले. सकाळी गवतावर, बाभळीवर पांढरी रुई दिसायची. बाबा म्हणाले, "बाबू, विहारात जाऊ ना. कोणी हसलं तं अंगाले भोकं पडते काय?"

"इथंच बरं आहे, शांत आहे," मी म्हणालो. मशीनच्या आवाजात ते ओरडून सांगावं लागलं. आणि वर रोज सांगत राहिलो, "खोल घ्या बाबा, अजून खोल."

संक्रांतीला त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, रुईजवळ जाता का? बाबा म्हणाले, "नाही जी. घरासमोरच करतो काय ते." मी बाजूलाच उभा होतो.

ते घरी आले, पण त्यांचा श्वास पुन्हा लांबला नाही. पुढच्या पावसाळ्यात गेले.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. यंदा मायला सांगितलं. ती तूर निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मले माहीत होतं. त्याइच्या सदऱ्यावरची रुई रोज मीच झटकत होती. म्हटलं, पोराले सांगा. तं म्हणे, जास्त बोललो तं तो येणंच बंद करन."

मी येणं बंद केलं नसतं, असं म्हणायला तोंड उघडलं. पण ते खरं नव्हतं. विहारात जायची वेळ आली असती, तर मी बंदच केलं असतं.