पिंगळीच्या मुलीची परीक्षा

माझं सासर गावातलंच, आणि तिथे इंग्रजीचं भारी कौतुक. मी सोनपेठला हायस्कुलात इंग्रजी शिकवतो, म्हणून मेहुण्यासाठी मुलगी बघायला जाताना सासरचे लोक मला परीक्षक म्हणून सोबत नेत. पोहे संपले की मी 'हिअर' आणि 'लिसन' यांतला फरक विचारायचो. दोन्हीचा अर्थ 'ऐकणं' असाच पाठ केलेला, त्यामुळे मुली हमखास गडबडत. मग मी समजावून सांगायचो आणि सगळे माना डोलवायचे. खरं सांगायचं तर मी त्या माना बघायलाच जात होतो.

पिंगळी गावची मुलगी मात्र गडबडली नाही. खाली बघतच म्हणाली, "घरामागून एक्सप्रेस जाते, तिचा आवाज आपोआप कानावर पडतो. ते हिअर. संध्याकाळी बाबा पॅसेंजरने परततात, त्या गाडीकडे मी कान लावून बसते. ते लिसन."

इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मेहुण्याला मुलगी मनापासून आवडली होती, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्याने विचारलं, "दाजी, बरोबर हाय ना?"

खोलीत इंग्रजी येणारी आम्ही दोघंच होतो. मी हसलो आणि म्हणालो, "गाड्यांचं सांगायलीय. इंग्रजीचा पत्ता न्हाई."

सगळे हसले. तिचे वडील हात जोडून म्हणाले, "सर, शिकंल की ती. लय हुशार हाय." तिने मान वर करून माझ्याकडे एकदाच बघितलं. पाहुण्यांना उलट बोलायची रीत नाही, हे तिला माहीत होतं आणि मलाही. परतताना सासूबाई म्हणाल्या, "पोरगी शाळेत इंग्रजी शिकवती म्हणून खोटंच सांगितलं त्यांनी." मी गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत राहिलो. नकार दुसऱ्याच दिवशी कळवला.

पुढच्या जूनपासून मी वर्गात तेच उदाहरण देऊ लागलो, एक्सप्रेस आणि पॅसेंजरचं, माझं म्हणून. पोरांना पटकन कळतं. लाज वाटायची ती पहिल्या वर्षीच वाटली.

मेहुण्याचं लग्न दुसरीकडे झालं. त्याची मुलगी यंदा पाचवीला माझ्याच वर्गात आली. परवा तिने शाळेत काय शिकवलं ते घरी सांगितलं, आणि मेहुण्याचा फोन आला.

"दाजी," तो म्हणाला, "हे तर त्या पिंगळीच्या पोरीनं सांगितलं होतं."

त्याचा आवाज मला अगदी स्वच्छ येत होता. "आवाज तुटायलाय," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.